लिंबची बारा मोटेची विहीर: कास राहू द्या, आधी इथे या

साताऱ्याला पाहुणे आले की सगळे कास-ठोसेघरला पळतात. मी यंदा पुण्याच्या आत्तेबहिणीला हायवे सोडून लिंबला नेलं. नाव विहिरीचं, पण आत अख्खा महाल आहे! शाहू महाराजांच्या काळात, 1719 ते 1724 मध्ये, वीरूबाई भोसले यांनी ही बांधून घेतली. वरून पाहिलं की शिवलिंगाचा आकार लगेच कळतो. एकाच वेळी बारा मोटा चालायच्या, म्हणून हे नाव.

भर मे महिन्यात दुपारी गेलो होतो. पायऱ्या उतरताना पाचव्या-सहाव्या पायरीलाच गारवा लागला. चप्पल काढून महालात टेकलो, तर दगड माठासारखा थंड. खांबांवर कोरलेले हत्ती बघत ताई अर्धा तास जागची हलली नाही.

एक गोष्ट मात्र फार लागली. पाण्यात वेफर्सची पाकिटं तरंगत होती. खायचं गाडीतच ठेवा, हात जोडून सांगते. आणि काठाला कठड्याच्या भरवशावर राहू नका, लहान पोरांचा हात सोडू नका. पाण्याची बाटली तेवढी सोबत असू द्या.

आषाढात आईला घेऊन परत जाणार आहे. तिचे गुडघे दुखतात, पण वरून तरी बघेल.