जुनी गस्तनौका घ्यावी की नवी बांधावी?

तटरक्षक दलाने निवृत्त केलेली बोट स्वस्तात घ्यायची आणि सागरी संवर्धनाला जुंपायची, ही कल्पना ऐकताक्षणी पटते. हिशेब मात्र खरेदीनंतर सुरू होतो. ‘सी शेपर्ड’ या सागरी जीव वाचवणाऱ्या संस्थेने निवृत्त गस्तनौका, जुनं संथ जहाज आणि कोरी बोट असे तिन्ही प्रकार वापरले आहेत, म्हणून तुलनेला तिचीच उदाहरणं घेतो.

त्यांची ‘फार्ली मोवॅट’ मूळची अमेरिकन तटरक्षक दलाची ‘ब्लॉक आयलंड’. ११० फुटी आयलंड वर्गातली ही बोट त्यांनी २०१५ मध्ये घेतली. या वर्गाच्या ४९ बोटी लुइझियानात बांधल्या गेल्या. वेग तीस नॉटच्या आसपास, आणि पाण्याखालचा भाग जेमतेम सव्वादोन मीटर. मेक्सिकोच्या कॅलिफोर्निया आखाताचं उत्तर टोक उथळ आहे, तिथे ही बोट चपखल बसली. तिथे वाकिटा ही छोटी डॉल्फिनसारखी प्रजाती शेवटच्या घटका मोजते आहे. जगभरात उरलेत ते दहाच्या आसपास. टोटोआबा माशाच्या पोटातल्या हवेच्या फुग्याला चीनमध्ये प्रचंड भाव मिळतो. त्या माशासाठी चोरून गिलनेट, म्हणजे पाण्यात भिंतीसारखी उभी राहणारी जाळी लावतात आणि वाकिटा त्यात अडकून गुदमरतात.

ही चोरटी जाळी शोधून काढणं हेच बोटीचं काम. आता गंमत बघा. पाण्याखाली गळ ओढत जाळी शोधायची म्हणजे बोट बैलगाडीच्या चालीने हाकावी लागते. गळाला जाळं लागलं की खलाशी ते हातांनी वर ओढतात: भिजलेलं, जड, कुजक्या माशांनी भरलेलं. पाठलागासाठी बांधलेल्या अरुंद डेकवर ते ठेवायचं कुठे, हाही प्रश्नच. म्हणजे तीस नॉटची इंजिनं पोसायची आणि काम संथ चालीचं. वेग दुप्पट केला तर ताकद ढोबळमानाने आठपट लागते, त्यामुळे वेगाची चैन डिझेलच्या बिलात दिसते. वेग आणि दणकट बांधणी अगदीच वाया गेली असंही नाही. २०१९ मध्ये याच बोटीवर पेट्रोल बॉम्ब फेकले गेले. अशा ठिकाणी मासेमारीची साधी होडी घेऊन कोण उभं राहणार?

नवी बोट म्हणजे ‘ओशन वॉरियर’. डामेन कंपनीने तुर्कस्तानात अंताल्या इथे बांधलेली, ५४ मीटर लांब, २०१६ ची. ८३ लाख युरो लागले आणि ते लॉटरी संस्थांच्या देणग्यांतून आले. बोट हवी तशी बांधून घेतली, तीही अंटार्क्टिकात जपानी व्हेलमारी जहाजं गाठण्यासाठी. आणि २०१७ मध्ये संस्थेने ती मोहीमच थांबवली. पुढे तीच बोट टांझानियाच्या किनाऱ्यावर सरकारी पथक घेऊन गस्तीला लागली, म्हणून पैसे वाया गेले नाहीत. तरी एका मोहिमेच्या मापाने बोट शिवून घेण्यात हा धोका असतोच.

तिसरी ‘बॉब बार्कर’, १९५० चं नॉर्वेजियन जहाज, तेही आधी व्हेल मारणारं. वेगात सांगण्यासारखं काही नाही. पण ‘थंडर’ या चोरट्या मासेमारी जहाजाचा ११० दिवस पाठलाग केला तो हिनेच, २०१४-१५ मध्ये. इंधनाच्या टाक्या मोठ्या असणं किती कामाचं, ते तिथे कळलं.

माझं मत विचाराल तर काम एकाच आखातात, किनाऱ्याजवळ आणि अंगावर येणाऱ्यांच्या गर्दीत असेल तरच जुनी गस्तनौका. जाळी काढणं किंवा सर्वेक्षण हेच मुख्य काम असेल तर संथ, मोठ्या डेकचं जहाज. नवी बांधायला जाऊच नका, जोवर पाच-सात वर्षांचं काम ठरलेलं नाही. आणि बोटच हवी का, हेही तपासा. मेक्सिकोच्या नौदलाने २०२२ मध्ये वाकिटांच्या गाभाक्षेत्रात जाळी अडकवणारे हूक बसवलेले काँक्रीट ठोकळे समुद्रतळाशी सोडले आणि तिथली गिलनेट ९० टक्क्यांहून जास्त घटली. ठोकळ्याला डिझेल लागत नाही.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. बारा सागरी मैलांच्या आत बेकायदा मासेमारीवर कारवाईचा अधिकार राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याकडे आहे. खासगी संस्थेची बोट फार तर बघेल आणि कळवेल. मेक्सिको आणि टांझानियातही सरकारी माणसं सोबत होती म्हणूनच काम झालं. निवृत्त जहाजाचा वेगळा उपयोग सिंधुदुर्गात ठरलाय: नौदलाची ‘गुलदार’ जानेवारी २०२४ मध्ये सेवेतून गेली आणि निवतीजवळ बुडवून पाण्याखालचं संग्रहालय आणि माशांसाठी आसरा करायला ती पर्यटन महामंडळाला मिळाली. तो पर्याय संवर्धनापेक्षा पर्यटनाकडे जास्त झुकतो, असं मला वाटतं.

जुनीच घ्यायची ठरली, तर बोटीचा क्रमांक आधी बघा. आयलंड वर्गाच्या सुरुवातीच्या बोटींत पॅक्समन व्हॅलेंटा इंजिनं होती, शेवटच्या तुकडीत कॅटरपिलर. कॅटरपिलरचे सुटे भाग आजही मिळतात. व्हॅलेंटाचे शोधत फिरावं लागेल. पोलादी तळ आणि ॲल्युमिनियमचं वरचं बांधकाम जिथे जुळतं, तिथे गंज बघा आणि तळाच्या पत्र्याची जाडी मोजून घ्या. मोठे फेरबदल तर टाळाच. याच वर्गाच्या आठ बोटी तटरक्षक दलाने मागे उतरण (रॅम्प) बसवण्यासाठी १२३ फूट लांब केल्या. सांगाडे वाकले, आणि २००६ मध्ये आठही बाद कराव्या लागल्या.