पॅरिसमध्ये जेवायला बसण्याआधी बाहेरच्या मेनूकार्डाचा फोटो काढून ठेवा

सुट्टीत युरोपला निघालेल्या घरांसाठी हे लिहितेय. सोबत वडीलधारी आणि शाकाहारी माणसं असतील तर नक्की वाचा. पॅरिसच्या लॅटिन क्वार्टरमध्ये, साँ-मिशेलच्या कारंज्याजवळच्या गल्ल्यांत, दारात उभं राहून गिऱ्हाइकांना आत बोलावणारी रेस्टॉरंटं ओळीने आहेत. त्यातल्या एकात आम्ही पाच जण जेवलो: सासू-सासरे, नवरा, कॉलेजातली लेक आणि मी. तिथे आम्हाला पद्धतशीरपणे लुबाडलं.

बाहेरच्या फळ्यावर स्टार्टर, मुख्य पदार्थ आणि गोड मिळून 19.90 युरो असं लिहिलेलं होतं. आत बसल्यावर हातात आलं ते इंग्रजी कार्ड, आणि त्यात हा सेट नव्हताच. विचारलं तर म्हणे, तो फक्त दुपारचा. संध्याकाळचे साडेसात वाजले होते आणि फळा अजून दारातच होता! फ्रान्समध्ये असं चालत नाही. रात्रीच्या जेवणाचे दर बाहेरून वाचता येतील असे निदान सहा वाजल्यापासून लावावे लागतात आणि आत मिळणारं कार्डही तेच असावं लागतं. म्हणून आत पाऊल टाकण्याआधी बाहेरच्या कार्डाचा फोटो घ्या. पुढे वाद झाला तर दाखवायला हातात काहीतरी असतं.

पाणी मागितलं, तर झाकण उघडून बाटल्याच आणून ठेवल्या. एकेक साडेआठ युरोला, अशा तीन. पावाची टोपली न मागता आली आणि बिलात माणशी तीन युरोंनी लागली. खरं तर फ्रान्समधल्या रेस्टॉरंटमध्ये जेवणासोबतचा साधा पाव आणि जगमधलं नळाचं पाणी यांचे पैसे घेत नाहीत. पाणी फुकट मिळतं हे गिऱ्हाइकाला दिसेल असं लिहून लावणं तर 2022 पासून बंधनकारक आहे. 'युन काराफ दो, सिल वू प्ले' एवढं म्हणा, म्हणजे जगच येतो. नुसतं 'वॉटर' म्हटलं की बाटली येते.

मला सगळ्यात जास्त संताप आला तो सुपावरून. सासूबाई कट्टर शाकाहारी. कांद्याच्या सुपात काय काय असतं असं आम्ही वेटरला दोनदा विचारलं, दोन्ही वेळा उत्तर आलं, फक्त कांदा आणि चीज. वाटी समोर आली, वर भाजलेला पाव आणि वितळलेलं चीज. त्यांनी चमचा उचलला तेवढ्यात लेकीने फ्रेंचमध्ये विचारलं, स्टॉक, म्हणजे सुपाचा मूळ रस्सा, कसला आहे? ती पुण्याच्या आलियाँस फ्रान्सेजमध्ये शिकते. वेटरने खांदे उडवले आणि म्हणाला, बीफ. सासूबाईंनी चमचा खाली ठेवला आणि त्या रात्री त्यांनी दुसरं काहीच खाल्लं नाही. बिलात मात्र सूप होतंच. हे सूप पारंपरिक पद्धतीने बीफच्या स्टॉकमध्येच करतात, त्यामुळे 'व्हेज आहे का' एवढं विचारून भागत नाही, स्टॉक कशाचा ते विचारावं लागतं. पण विचारणाऱ्या माणसाला खोटं सांगणं हा निव्वळ निर्दयपणा आहे, आणि त्या वेटरला मी माफ करू शकत नाही.

बिल झालं 172.50 युरो. वेटर म्हणाला, यात सर्व्हिस धरलेली नाही, पंधरा टक्के वेगळी. त्याने कार्डाच्या मशीनवर स्वतःच 198.50 टाकलं, पटापट दोन-तीन बटणं दाबली आणि पिनसाठी मशीन नवऱ्याच्या पुढे धरलं. पिन टाकून होतोय तोच लेक म्हणाली, "बाबा, थांब, इथे खाली बघ." बिलाच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेलं होतं, 'सेर्व्हिस कोंप्री'. म्हणजे सर्व्हिस आधीच धरलेली. फ्रान्समध्ये मेनूकार्डावरच्या दरातच कर आणि सर्व्हिस दोन्ही धरावे लागतात. टीप द्यायची की नाही ही सर्वस्वी तुमची मर्जी. वेटर म्हणाला, तो टॅक्स आहे. लेकीने मॅनेजरला बोलावून ती ओळ फ्रेंचमध्येच मोठ्याने वाचून दाखवली, तेव्हा 26 युरो रोख परत आले. सुपाचे, पावाचे, पाण्याचे नाही.

तोवर बँकेचा मेसेज आला होता, रक्कम रुपयांत! वेटरने दाबलेल्या बटणांतलं एक हेच. परदेशी कार्ड दिसलं की मशीन विचारतं, युरोत घेऊ की तुमच्या चलनात? तुमचं चलन निवडलं तर दर मशीनवाल्यांचा लागतो. त्या दिवशीच्या दरापेक्षा युरोमागे पाच-साडेपाच रुपये जास्त, म्हणजे हजारेक रुपये अलगद गेले. फॉरेक्स कार्डात युरो भरलेले असतील तर फटका आणखी मोठा, कारण युरोचे रुपये आणि रुपयांचे पुन्हा युरो होतात. मशीन आधी आपल्या हातात घ्या, पडद्यावर 'युरो' दिसू द्या, मगच पिन.

हे आमच्याच बाबतीत घडलं असं नाही. 2025 साली 'ल पारिझियँ' या दैनिकाने आयफेल टॉवरच्या परिसरात एका बातमीदाराला अमेरिकन पर्यटकाच्या वेशात पाठवलं होतं. शेजारी बसलेल्या पॅरिसकराने मागवलं तेच त्यानेही मागवलं, पण त्याच्या वाट्याला पेय मोठं, पाणी बाटलीचं आणि टीपची मागणी वेगळी आली. तरीही सगळ्यांना एका माळेत ओवू नका. पुढच्या संध्याकाळी मेट्रोने जरा लांब जाऊन एका छोट्या ठिकाणी जेवलो, तिथे पाव आणि पाण्याचा जग न सांगता आला आणि बिलात त्यातलं काहीच नव्हतं.

तक्रारीसाठी फ्रेंच सरकारचं 'सिग्नलकॉन्सो' हे संकेतस्थळ आहे. आम्ही बिलाचा फोटो जोडून तिथे नोंद केली आहे. रुपयांतल्या वसुलीबद्दल बँकेकडे वेगळा वाद-अर्ज दिलाय. मशीनमधून निघणाऱ्या पावतीवर दर आणि 'ग्राहकाने हे चलन निवडले' अशा अर्थाची ओळ असते. बँक तीच पावती मागते, त्यामुळे ती बिलासोबत जपून ठेवा.