रॉयल एनफिल्ड हिमालयनचे पुढचे शॉकअप घरी उतरवायला घेतलेला सिझर जॅक: पैसे वसूल, पण अटी लागू

आधीच सांगतो, जॅक चांगला आहे. पण जाहिरातीत दाखवतात तशी अख्खी गाडी एकट्या जॅकवर उचललीत आणि दोन्ही हात मोकळे करून कामाला लागलात तर संध्याकाळपर्यंत इंडिकेटर, क्लच लिव्हर आणि शेजाऱ्याच्या कारचा दरवाजा असं तिन्हीचं बिल हातात येईल. हा जॅक म्हणजे गाडीचा तिसरा पाय, बाकीचे दोन सेंटर स्टँडचे लागतातच. हे डोक्यात ठेवून घेतलात तर सहा हजारांच्या आसपास जी किंमत पडते ती वसूल आहे असं माझं मत. ब्रँडचं नाव लिहीत नाही कारण हाच जॅक ऑनलाइन पाच-सहा नावांनी मिळतो, स्टिकर तेवढं वेगळं.

गाडी हिमालयन ४११, बीएस सिक्स. पुढे ४१ मिमीचे साधे टेलिस्कोपिक शॉकअप, ट्रॅव्हल २०० मिमी, चाक २१ इंची. शॉकअपवर रबरी बूट येतात, म्हणजे ती अकॉर्डियनसारखी घडीची नळी, आणि त्या बुटांमुळेच हा सगळा खटाटोप. बूट धुळीपासून वाचवतात हे खरंच पण पावसाळ्यात ताम्हिणी-वरंधा करून आलं किंवा कोकणातल्या लाल मातीत दोन दिवस फिरलं आणि बुटाची क्लिप जरा ढिली असली की चिखल आत शिरतो, वाळतो आणि मग प्रत्येक खड्ड्याला पॉलिश पेपर फिरवल्यासारखा पाईपवर घासत बसतो. आधी धूळ अडवणारं डस्ट सील जातं मग तेल अडवणारं ऑइल सील. बाहेरून काहीच दिसत नाही कारण सगळं बुटाखाली झाकलेलं. तेव्हा हिमालयनवाल्यांनो, महिन्यातून एकदा बूट वर सरकवून बघत जा, पाईपवर तेलाची गोल रेघ किंवा काळा चिकट थर दिसला तर सील गेलं समजा. आणि टाळाटाळ करू नका कारण तेच तेल ओघळत खाली ब्रेकच्या कॅलिपरपर्यंत आलं आणि डिस्क-पॅडवर पडलं की पुढचा ब्रेक गेला, पॅडनी एकदा तेल प्यायलं की ते बदलावेच लागतात.

आता घरी का? एकतर मला हे काम आवडतं. दुसरं म्हणजे शॉकअप उतरवणं आणि शॉकअप खोलणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि त्यातलं पहिलं कोणालाही जमण्यासारखं आहे. खोलायला मात्र तळाचा डॅम्परचा बोल्ट काढावा लागतो, तो बऱ्याचदा आतल्या रॉडसकट गरगर फिरत राहतो, इम्पॅक्ट गन नसेल तर माणूस रडकुंडीला येतो. म्हणून माझी पद्धत अशी की शॉकअपचे दोन्ही पाय (डावी-उजवी नळी) घरी उतरवायचे, जुन्या टॉवेलात गुंडाळून ज्याच्याकडे हत्यारं आहेत त्याच्याकडे द्यायचे, सील बदलून आणायचे आणि परत घरीच बसवायचे. गाडी चार दिवस कोणाच्या शेडमध्ये उघडी पडत नाही आणि टाकीवर दुसऱ्याचा पाना पडत नाही.

जॅककडे येतो. दोन मजली कात्री, वर दोन पट्ट्यांवर रबर, बाजूला स्क्रू, तो फिरवला की वर जातो. अंगावर ५०० किलो छापलंय, गाडी कंपनीच्या आकड्यानुसार १९९ किलो आणि त्यातला फक्त पुढचा भार जॅकवर येणार, म्हणजे ताकदीचा प्रश्नच नाही. प्रश्न आहे डुगडुगण्याचा. तळ लहान आहे आणि आमच्या पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक, एकही सपाट नाही. खाली जाड प्लायचा तुकडा टाकला आणि मग जॅक ठेवला तेव्हा कुठे शांत बसला. प्लाय शिवाय हा जॅक पेव्हरवर वापरूच नका. दुसरी तक्रार, वरचं रबर गुळगुळीत आहे. गोल पाईपवर ते सरकतं, मी सायकलची जुनी ट्यूब कापून गुंडाळली. तिसरी, सोबत दिलेला हँडल पत्र्याचाच म्हणायचा, थोडा जोर दिला की वाकायला लागतो. तो फेकून दिला तरी चालेल, घरातला अर्धा इंची रॅचेट आणि गोटी (सॉकेट) लावून स्क्रू मस्त फिरतो. आणि स्क्रू कोरडा ठणठणीत येतो, ग्रीस आपणच लावायचं. मॅन्युअल वगैरे कागदाचा कपटाही सोबत नाही.

एवढं सगळं असून चांगला का म्हणतो? कारण मिलिमीटरने उचलता येतं आणि उचलल्यावर तिथेच राहतो. कारवाल्यांचा बाटली जॅक मित्राकडून आणून लावता येतो पण त्याचं डोकं एवढंसं, ते दोन पाईपच्या मध्येच जातं. हा आडवा रुंद आहे, हिमालयनच्या इंजिनखालून जे फ्रेमचे दोन पाईप जातात त्या दोन्हीवर एकदम टेकतो. त्यासाठी खालचा बॅश प्लेट (इंजिन वाचवणारा पत्रा) आधी काढून टाका, जॅक फ्रेमवरच बसला पाहिजे, इंजिनच्या केसिंगवर किंवा सायलेन्सरच्या बेंडवर अजिबात नाही.

किती उचलायची यावर लोक फार घाबरतात, म्हणे शॉकअप खाली ओढून काढायचे म्हणजे गाडी दोन फूट वर हवी. काही गरज नाही. पुढचा टायर ९०/९०-२१, म्हणजे अ‍ॅक्सल जमिनीपासून साधारण ३४-३५ सेंमी वर असतो. चाक निघालं की एवढी जागा आपोआप मोकळी झाली, तेवढ्यात पाय दोन्ही टी मधून, म्हणजे हँडलखाली शॉकअप पकडणाऱ्या वरच्या-खालच्या पट्ट्यांमधून, खाली सरकून निघतो. खालचा छोटा मडगार्ड आधी काढला की चाकही दोन पायांच्या मधून पुढे घरंगळत येतं. त्यामुळे चाक मोकळं फिरेल आणि अ‍ॅक्सल अडकणार नाही इतकीच उचला. जितकी खाली तितकी गाडी शहाणी. मागच्या कॅरिअरला मी एक वाळूची पिशवीपण बांधतो कारण पुढचं चाक आणि शॉकअप निघाले की वजन मागे जातंच, फक्त ते नक्की मागेच राहावं म्हणून. वर हूक असेल तर हँडलच्या मुळाशी एक पट्टा बांधून ठेवा, भार घेण्यासाठी नाही, कोणी धक्का दिला तर. आमच्याकडे धक्का द्यायला सोसायटीतली पोरं आहेत, सायकली घेऊन. शिवाय सेक्रेटरी काका, जे दर अर्ध्या तासाने येऊन "अहो, एवढं खोललंत, परत बसवता येईल ना?" असं विचारून जातात.

खरी अक्कल उचलण्याआधी लागते. ज्या ज्या बोल्टला जोर लागणार तो प्रत्येक बोल्ट दोन्ही चाकं जमिनीवर असतानाच सैल करून घ्यायचा. अ‍ॅक्सल, कॅलिपरचे बोल्ट, आणि शॉकअपच्या डोक्यावरची टोपी. टोपीच्या बाबतीत क्रम महत्त्वाचा. आधी वरच्या टी चा पिंच बोल्ट, म्हणजे पाईप चिमटीत धरणारा, सैल, कारण तो आवळलेला असताना पाईपचं तोंड दाबलेलं असतं आणि टोपीची आटी खराब होतात, खालच्या टी चा मात्र घट्टच ठेवायचा म्हणजे पाईप फिरत नाही, आणि मग टोपी फक्त अर्धा फेरा. पूर्ण काढायची नाही, आत स्प्रिंग दाबून बसलेली आहे. शॉकअप खोलायला जाणार असतील तर हा अर्धा फेरा वाचवतो, नाहीतर सुटा पाईप व्हाइसमध्ये धरून टोपी सोडवायला गेलं की पाईपवर ओरखडा ठरलेला. पाना नीट बसायला हँडल आड येत असेल तर क्लॅम्प सोडून हँडल टाकीवर कापडावर ठेवा, पण ब्रेकची बाटली सरळ उभी राहील असं.

मग उचललं, कॅलिपर काढला आणि तारेने टांगला. होजवर लोंबकळत ठेवू नका हे शंभर लोकांनी सांगितलंय, मी एकशे एकावा. पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याची घडी घाला, कारण सवयीने कोणीतरी ब्रेक दाबतोच आणि पिस्टन बाहेर येतात. एबीएसचा सेन्सर आणि त्याची वायर वेगळी करून बाजूला बांधा, ती ओढली गेली तर खर्च शॉकअपपेक्षा वेगळ्याच रस्त्याला जातो.

खालच्या टी चा पिंच बोल्ट सोडण्याआधी एक काम, पाईपचं टोक वरच्या टी च्या किती वर आलंय ते व्हर्निअरने मोजून लिहून ठेवा आणि मार्करने रेघ मारा. बसवताना दोन्ही बाजू तंतोतंत तेवढीच हवी. मग एका हाताने पाय धरून दुसऱ्याने खालचा बोल्ट सोडायचा आणि हलकं फिरवत फिरवत खाली. गंज असेल तर टी च्या फटीत थोडं डब्ल्यूडी-४० आणि पाच मिनिटं धीर, हातोडी नाही. दोन्ही पाय निघाले की टी नुसती डावी-उजवी फिरवून बघा, मध्यावर कुठे खट्कन अडकली तर कोनसेट (हँडल फिरतं ते बेअरिंग) गेलाय. पुन्हा एवढं उघडणार कधी, तेव्हा बदलायचा असेल तर हीच वेळ.

टॉर्क पान्याबद्दल (ठरवलेल्या जोराला क्लिक होणारा पाना) लोक म्हणतात उगाच खर्च, अंदाज असतो हाताला. चाकाच्या नटाला असेल, टी च्या बोल्टला नाही. तिथे अ‍ॅल्युमिनियम आहे, आटी गेली की आख्खी टी गेली. पण घेताना एक लक्षात घ्या, बाजारात सर्रास मिळतो तो अर्धा इंची २८ ते २१० न्यूटन मीटरवाला अ‍ॅक्सलला ठीक, छोट्या बोल्टना नाही. क्लिकवाल्या पान्याची ती अधिक-उणे ४ टक्क्यांची हमी साधारण त्याच्या कमाल आकड्याच्या २० टक्क्यांच्या वरच धरायची असते, खाली भरवसा नाही, आणि टी चे बोल्ट नेमके खाली येतात. म्हणून ३/८ इंचाचा छोटा वेगळा घेतला आणि जॅकपेक्षा तोच जास्त वापरात आहे. आकडे सर्व्हिस मॅन्युअलमधलेच घ्या, व्हिडिओतल्या कोणाचे नकोत, माझेही नकोत म्हणून लिहिलेले नाहीत. बाकी गोट्या आणि एलन की टापरियाच्या, आपल्या नाशिकच्या सातपूरमध्ये त्यांचा कारखाना आहे, पुण्यात बोहरी आळीत कुठल्याही दुकानात मिळतात आणि या कामाला त्याहून भारी काही लागत नाही. सील नाना पेठेत मिळतात, पण सीलच्या बाबतीत स्वस्ताच्या मागे लागू नका, सहा महिन्यांनी हाच उद्योग परत करायचाय का?

सील बदलणाऱ्या वर्कशॉपचं काम नीट होतं. पाईप फिरवून वाकलाय का ते माझ्यासमोर बघितलं, तेल ओतताना स्प्रिंग बाहेर आणि पाईप पूर्ण खाली दाबून वरून किती मिमीवर तेल आहे ते दोन्ही पायांत मोजलं. नुसतं मापाने ओतून देणारे खूप आहेत. एकच राग, पायांवर मी डावा-उजवा लिहून चिकटवलेल्या पट्ट्या पुसून काढल्या. कॅलिपरच्या कानावरून कळतं म्हणा कुठला कुठे ते, पण गिऱ्हाईकाने लावलंय तर राहू द्या ना.

बसवताना सगळं उलट्या क्रमाने, फक्त एक अपवाद. अ‍ॅक्सल आवळायचा पण पायाशी असलेला त्याचा पिंच बोल्ट शेवटपर्यंत मोकळा. गाडी खाली घ्या, ब्रेक पकडून पुढून पाच-सहा वेळा चांगली दाबा, दोन्ही पाय आपापल्या जागी समांतर बसतात, मग तो बोल्ट. हे न करता आवळलं तर शॉकअप अडकत अडकत चालतो आणि लोक सीलला शिव्या घालतात. आणि निघण्याआधी ब्रेक लिव्हर कडक होईपर्यंत पंप करा, पहिल्या वळणावर आठवून उपयोग नाही.

नवीन हिमालयन ४५० वाल्यांसाठी थोडं. तिथे शोवाचे ४३ मिमीचे अपसाइड डाऊन आहेत, जाड नळी वर असते आणि टी त्या जाड नळीला धरते. उतरवायची पद्धत जवळपास हीच पण टी जास्त आवळली तर ती नळी दाबली जाऊन आतला पाईप घासायला लागतो, म्हणजे छोटा टॉर्क पाना तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त गरजेचा.

आता घ्यायचा कोणी? सेंटर स्टँड असलेली गाडी, सावलीतली सपाट जागा आणि रविवारी दुपारी दोन-तीन तास कोणी हाक मारणार नाही अशी सोय, एवढं असेल तर डोळे झाकून घ्या, चाकाचं बेअरिंग, कोनसेट, पुढचा टायर, सगळ्याला उपयोगी पडतो. सेंटर स्टँड नसेल तर आधी मागे लावायचा चांगला पॅडॉक स्टँड घ्या आणि जॅकचे पैसे पुढच्या महिन्यावर ढकला. आणि पाच वर्षांतून एकदाच सील बदलणार असाल तर विकत घेऊच नका, ज्याच्याकडे आहे त्याला चहा पाजा. आमच्याकडे प्लायसकट मिळेल, पेव्हर ब्लॉक तुमचे तुम्ही बघा.