प्रमाण विचलन शिकायचं ते वहीत की एक्सेलमध्ये?

प्रमाण विचलन म्हणजे आकडे सरासरीपासून साधारण किती दूर पसरलेत त्याचं माप. पाच महिन्यांचा परतावा घ्या: ४, ६, ८, १०, १२ टक्के. वहीत सरासरी येते ८. सरासरीपासूनच्या फरकांचे वर्ग करून बेरीज केली की ४०. ती भागायची आणि वर्गमूळ काढायचं. आता भागायचं कशाने? ५ ने भागलं तर प्रमाण विचलन २.८३, ४ ने भागलं तर ३.१६. इथे पेन अडतं, आणि अडायलाच हवं. हे पाच महिने म्हणजेच सगळी माहिती, की मोठ्या इतिहासातला छोटा नमुना? नमुना असेल तर ४ ने भागायचं.

एक्सेलमध्ये हाच प्रश्न फॉर्म्युल्याच्या शेवटच्या अक्षरात दडलेला असतो: एसटीडीईव्ही.एस (नमुन्यासाठी, म्हणजे इथे ४ ने भागणारं) की एसटीडीईव्ही.पी (सगळी माहिती हाती असेल तेव्हाचं, ५ ने भागणारं). यादीत जे आधी दिसेल त्यावर आपण क्लिक करतो (मीही करायचो), आणि उत्तर काही कुरकुर न करता येतं.

पण वहीची मजल तेवढीच. दोन शेअर्सच्या साठ महिन्यांचा सहसंबंध (दोघं किती सोबतीने वर-खाली होतात त्याचं माप) हाताने काढणं म्हणजे निव्वळ हमाली. शिवाय आलेखांचं काय? संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस अ‍ॅन्स्कोम यांनी १९७३ मध्ये आकड्यांचे चार संच मांडले. सरासरी, विचरण (प्रमाण विचलनाचा वर्ग), सहसंबंध (सुमारे ०.८१६) चौघांचे जवळपास सारखेच. आलेख काढला की एक रेषेभोवती विखुरलेला, एक चक्क वक्र, आणि उरलेल्या दोघांत एकेका भरकटलेल्या बिंदूने सगळा घोळ घातलेला. वहीत हे कोण काढत बसणार?

मी तरी सुरुवात वहीतच करायला सांगेन, मोजकेच, सोपे आकडे घेऊन. ‘एक कमी करून का भागलं’ हे दुसऱ्याला सांगता आलं, की खुशाल एक्सेल उघडा.