शूमी लँड टॅक्स : भरावा का, किती, आणि कुठे चुकतं

कॅलिफोर्नियात ओकलंड, बर्कली, अलामेडा इथे राहणाऱ्यांना काउंटीच्या प्रॉपर्टी टॅक्सखेरीज आणखी एक कर भरता येतो : शूमी लँड टॅक्स. सक्ती नाही, नोटीस नाही. आदिवासी स्त्रिया चालवत असलेली सोगोरेआ ते लँड ट्रस्ट ही संस्था तो घेते.

ओहलोनी हे इथले मूळ रहिवासी. त्यांच्या जमिनीवर राहणाऱ्यांनी त्याबद्दल काही द्यावं, ही मागणी रास्त आहे. १८२० मध्ये स्पॅनिश राजवटीने लुइस पेराल्टाला इथली सुमारे ४४,८०० एकर जमीन बहाल केली. पुढे अमेरिकी वसाहतवाल्यांनी ती त्याच्या वारसांकडून बळकावली, विकली, तुकडे पाडले. आजच्या घरांची खरेदीखतं मागे मागे तपासत गेलं तर तिथवर पोचतात, आणि त्यात ओहलोनींची संमती कुठेच नाही. त्यांच्यातल्या इथल्या लिसजान ओहलोनींना अमेरिकेच्या केंद्र सरकारची मान्यता नाही, राखीव जमीनही नाही.

भरणं सोपं. संकेतस्थळावर घर भाड्याचं की मालकीचं आणि बेडरूम किती, एवढं सांगितलं की वर्षाची रक्कम सुचवली जाते. आमची तक्रार इथेच आहे. खोल्या मोजून वारसाहक्काचा फायदा कळत नाही. १९७८ च्या प्रपोझिशन १३ मुळे घराचं करपात्र मूल्य खरेदीच्या किमतीला बांधलेलं असतं आणि वर्षाला जास्तीत जास्त २ टक्के वाढतं. आजोबांनी घेतलेल्या घरात, त्यांच्याच जुन्या मूल्यावर कर भरत राहणाऱ्याने सुचवलेल्या आकड्यावर थांबू नये.

दुसरी चूक विवरणपत्रात होते. नाव टॅक्स असलं तरी स्थानिक करांच्या रकान्यात हे पैसे दाखवायचे नाहीत. ही धर्मादाय देणगी. पावती जपा, कंपनी देणगीत भर घालत असेल तर तिथेही अर्ज करा.

पैशाची जमीन होते का? होते. २०२४ मध्ये वेस्ट बर्कली शेलमाउंडची (ओहलोनींच्या शिंपल्यांच्या प्राचीन, पवित्र ढिगाऱ्याची) २.२ एकर जागा, तोवर निव्वळ पार्किंग लॉट, २.७ कोटी डॉलरना सोडवली गेली. त्यातले २.५५ कोटी ट्रस्टने उभे केले. अर्थात त्यात २ कोटी एकट्या कटाली फाउंडेशनचे, तेव्हा घरटी वर्गणीने एवढं साधतं असा समज नको. तरीही सभेआधी 'ही भूमी ओहलोनींची' असं वाचून पुढच्या विषयाकडे वळण्यापेक्षा हे शंभर पटींनी बरं.

सॅन फ्रान्सिस्कोत राहत असाल तर मात्र इथे भरू नका. तिथे रामायतुश ओहलोनींचा युनाकिन लँड टॅक्स वेगळा आहे.