झुरळं: स्प्रे की जेल?

जुळे सोलापुरातल्या भाड्याच्या फ्लॅटमधून भाचीचा फोन आला: मावशी, झुरळं हटत नाहीत, स्प्रे मारू की जेल लावू?

स्प्रेने समोरचं झुरळ लगेच मरतं, फटीतली मात्र वाचतात. स्वयंपाकघरातल्या छोट्या, तपकिरी जर्मन झुरळाची मादी ३०-४० अंड्यांची पिशवी घेऊन फिरते, त्या पिशवीच्या आत औषध पोचत नाही. शिवाय सगळी भांडीकुंडी बाहेर काढायची. घरात लहान मूल असेल तर मला तरी धास्तीच वाटते.

जेल म्हणजे झुरळांनी खावं म्हणून लावायचं विषारी आमिष. ते सावकाश काम करतं, आठवडा-दोन आठवडे. पण ते खाऊन मेलेल्या झुरळाला आणि त्याच्या विष्ठेला बाकीची खातात, मग तीही मरतात. कपाटाच्या बिजागऱ्या, सिंकखाली, फ्रिजमागे बारीक ठिपके पुरेत. त्यावर स्प्रे मारलात तर झुरळं जेलकडे फिरकणारच नाहीत.

सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे घरोघरी पिंपं भरलेली. झुरळांना पाणी मिळू नये म्हणून झाकणं घट्ट ठेवा, रात्री सिंक पुसून कोरडं करा.

मोरीच्या जाळीतून वर येणाऱ्या मोठ्या झुरळांना स्प्रे ठीक. स्वयंपाकघरात मुरलेल्यांना जेलच. शेजाऱ्यांकडेही असतील तर घरमालकाला सांगून अख्ख्या इमारतीत एकदमच करून घ्या.