नासाचं ‘फर्म्स’: आग दाखवतं, धूर आपण ताडायचा

वणव्याच्या दिवसांत ‘फर्म्स’ ही नासाची आगीचा नकाशा दाखवणारी मोफत सेवा हाताशी हवीच. उपग्रहाने आग टिपल्यापासून साधारण 3 तासांत नकाशावर ठिपका उमटतो. आपला भाग आखून ईमेल सूचना लावून ठेवा. ‘व्हीर्स’ आणि ‘मोडिस’ ही उपग्रहांवरची आग टिपणारी उपकरणं. ‘व्हीर्स’चा ठिपका म्हणजे 375 मीटरचा चौकोन, ‘मोडिस’चा 1 किलोमीटरचा, ठिपका चौकोनाच्या मध्यावर पडतो, आग नेमकी तिथेच असेल असं नाही. दाट ढगाखालची आग सुटते.

धूर कुठे चाललाय ते ठिपके सांगत नाहीत. वाऱ्याची दिशा सोबत बघा. दाट धुराखाली ऊन अडतं, दुपारचं तापमान उतरतं. वाइनच्या द्राक्षांचं दुखणं वेगळंच: धुरातलं ग्वायाकोल नावाचं रसायन मण्यात शिरून साखरेशी बांधलं जातं आणि आंबवताना सुटून राखेची चव देतं. 2020 मध्ये कॅलिफोर्नियातल्या नापा या वाइनच्या पट्ट्यात कितीतरी द्राक्षं याच धास्तीने वेलीवरच राहिली.